समोरून पात धरणारी बेबीकाकू

गावात सगळ्यात स्वच्छ कापूस आमच्या घरी होता, तेव्हा मी मरायला टेकलो होतो.

आज बेबीकाकूला जाऊन वर्ष झालं. मारेगावजवळच्या आमच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून हे टाइप करतोय. जेवणाची सुट्टी आहे, वेळ कमी आहे.

काकू म्हणजे कापूस वेचणाऱ्या बावीस बायांची मुकादम. नात्यानं माझी कोणीच नाही. आवाज असा की चार शेतं पलीकडचे बैल मान वर करायचे.

तीन वर्षांपूर्वी मी पुण्याची नोकरी सोडून गावी आलो, तो मेथ नावाच्या नशेच्या पावडरची सवय घेऊनच. वाटलं, इथे कुठे मिळणार? इथेही मिळत होती. मी आणि माझा मित्र रव्या सोबत घ्यायचो. मग अजून पोरं आली. त्या पोळ्याला गावाची कबड्डीची टीमच उभी राहिली नाही. सात धडधाकट पोरं जमेनात.

आमच्याकडे दारू सगळ्यांना ओळखू येते. वासानं, चालीनं. सुपारी-तंबाखूचा खर्रा दातांवरून कळतो.

याला वासच नव्हता.

उलट मी कामाला लागलो होतो. दिवसभर कापूस वेचायचो आणि घरी आलो की कापसाच्या ढिगावर बसून वाळल्या पानाचा एकेक कण निवडत राहायचो. तासन् तास. जेवण नाही, झोप नाही. बाबा लोकांना बोलावून ढीग दाखवायचे. आईनं तर पोरगा सुधारला म्हणून देवीला नारळ फोडला.

एक दिवस काकू गाठोडं टाकायला घरात आली आणि ढिगापाशी थांबली. पांढऱ्या कापसावर लाल ठिपके होते.

बोंडाचं वाळलेलं टोक बोटात शिरतं, हे वेचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आपण हात झटकतो, एक शिवी देतो, पुढे जातो. मी झटकतच नव्हतो.

"दुखत नाही का गा?"

"नाही."

"कधी जेवलता?"

मला आठवेना.

काकूनं बाबांना हाक मारली. "भाऊ, कापूस नोका पाहू. पोट्टा पाहा."

बाबा भडकले. माझा पोरगा पीत नाही म्हणाले.

"पिऊन राह्यला असता तर मले वास आला असता. हे दुसरंच काही हाये."

त्या दिवशी पहिल्यांदा मी आईसमोर खरं बोललो. तिचा नारळ वाया गेला याचंच मला जास्त वाईट वाटलं.

यवतमाळच्या दवाखान्यात न्यायला काकूच सोबत आली. घरचे लाजत होते. एसटीत जो भेटेल तो विचारायचा, कुठे चालले? काकू खणखणीत आवाजात, "पोट्ट्याले पोरगी दाखवाले." वडकीच्या एका म्हातारीनं तर माझी उंची, शेती सगळं विचारून घेतलं. मी घामानं निथळत होतो आणि काकू माझं लग्न जमवत होती.

डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही यांच्या कोण?

"मी याची मुकादम."

फॉर्मवर त्यांनी काय लिहिलं, देव जाणे.

बरा होऊन परत आलो, तर गावात कोणी जवळ उभं करेना. ज्यांच्याकडे लहानपणी जेवलो, त्यांनी दार ओढून घेतलं. काकू म्हणाली, "उद्यापासून बायांत ये."

गेलो. टोळीत प्रत्येकीला एक ओळ मिळते, तिला आम्ही पात म्हणतो. माझी पात काकूच्या पातीला लागून. दुपारपर्यंत सगळ्या बाया पुढे आणि मी अर्ध्यावर. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

काकूची पात लागली, म्हणजे वेचून संपली. ती बसली नाही. वळली आणि समोरच्या टोकाकडून माझी पात धरून वेचत माझ्याकडे यायला लागली.

"तुह्यासाठी नाही येऊन राह्यली. तुह्या पातीतला कापूस चांगला हाये."

तेव्हापासून रोज. उपदेश शून्य. कोणाच्या सुनेनं कोणता मिक्सर आणला, एवढंच.

एकदा रव्याचा फोन आला. रस्त्यावर उभा आहे, ये म्हणाला. मी कमरेला बांधलेली कापसाची ओटी सोडली आणि निघालोच. काकू समोरून वेचत येत होती. तिनं मान वर केली नाही.

"जा. पण हे एवढी पात लावून जा. बाया म्हणतील, मुकादमचा माणूस अर्ध्यात पळाला."

मी पात लावली. लागेपर्यंत रस्त्यावर कोणी उरलं नव्हतं. त्या दिवशी गेलो असतो, तर आज ही पोस्ट माझ्यावर कोणीतरी लिहिली असती.

मागच्या वर्षी काकूचा हात मंदावला. एक दिवस माझी पात लागली आणि ती अजून अर्ध्यावर. मी समोरून निघालो.

भेटलो तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून इतकी हसली की तिला बसावं लागलं.

"आता तू मले घ्याले आला का गा?"

मग खर्रा मागितला. डॉक्टरांनी बंद केलाय म्हटलं तर, "तू मले व्यसन सोडणं शिकवू नोको."

त्यानंतर आठ दिवसांनी गेली. झोपेत. आवाज न करता केलेलं तिचं हे एकच काम.

काकू, तुझा फ्लेक्स लावला नाही. तूच म्हणायची, फोटोत मी गरीब दिसते.

रव्या मागच्या महिन्यात दवाखान्यातून आला. आज टोळीत त्याचा पहिला दिवस. त्याची पात माझ्या पातीला लागून दिली आहे. सुट्टी झाली तरी तो पातीतच आहे, अर्ध्यावर, बाया हसतायत. आणि त्यानं आतापर्यंत तीनदा फोन काढून पाहिलाय.

माझी पात लागली आहे.

राम राम काकू. उठतो आता. समोरून जायचं आहे.