इंजिनखोलीची भिंत

माझ्या मेहुण्याला गोदीत सगळे 'हवापाणी' म्हणतात. बोटीत ताजी हवा कुठून घ्यायची, कोंदट हवा कुठून बाहेर काढायची, एसी केवढा बसवायचा, हे सगळं तो आखतो. बायकोचा धाकटा भाऊ म्हणून मी गप्प बसतो, नाहीतर माणूस डोक्यात जातो हो! मी बोटींचा सुतार. मी मापात कपाट उभं करावं आणि यानं येऊन म्हणावं, "दाजी, इथून हवेचा पाइप जाणार." झालं, अर्धं कपाट गेलं.

त्यात स्वभाव संशयी. रंगाऱ्यानं जाळी बुजवली असेल, वायरमननं पंखा उलटा जोडला असेल, असं घरूनच ठरवून येतो. स्वतःच्या लग्नात सासऱ्याकडे ओळखपत्र मागितलं नाही हेच नशीब. तपासणीच्या दिवशी बोटीची दारं-खिडक्या बंद करायची, जनरेटर आणि सगळे पंखे लावायचे, आणि हवा कुठून येते ते बघायला हा दोऱ्याचा तुकडा धरून भिंतीभिंतीनं फिरणार. स्वयंपाकघरातला पंखा हवा बाहेर फेकतो, म्हणजे तेवढी हवा कुठून तरी आत येणारच. पुढच्या जाळीतून आली तर ठीक, इंजिनखोलीतून आली तर सोबत धूर. "त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, दाजी. झोपलेला माणूस उठतच नाही," हे त्याचं पालुपद मला तोंडपाठ आहे.

या वेळची बोट माझ्या लेकीची होती. ती, जावई आणि चार महिन्यांची नात बोटीवरच राहायला जाणार होते. बायकोला ते मुळीच पटत नव्हतं. "तान्ह्या पोरीला घेऊन पाण्यावर कसला संसार?" असं ती उठता-बसता म्हणायची.

तपासणीत बोट पास झाली. लेकीनं भाड्याची खोली सोडायचं घरमालकाला कळवून टाकलं. आणि मग हवापाणी म्हणाला, "परत एकदा बघतो." इतर बोटी तो एकदाच तपासतो. बघितलं आणि म्हणाला, "अजून नाही." पुढच्या आठवड्यात पुन्हा, "अजून नाही." काय झालं विचारलं तर म्हणे, "खात्री झाली की सांगेन."

माझ्या मनात पाल चुकचुकली. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर पडले की हा एकटाच बोटीत शिरायचा. एकदा काचेतून डोकावलो तर नातीच्या बिछान्यावर कसलंसं यंत्र मांडून बसलेला. घरी बायको त्याच्याशी फोनवर बोलत होती, मी आलो तशी गप्प झाली. भावाबहिणीचं साटंलोटं, दुसरं काय! पोरगी इथेच अडकून राहावी म्हणून हा बोट अडवतोय, याबद्दल मला शंकाच उरली नाही.

बुधवारी माझं डोकं फिरलं. तरातरा बोटीत गेलो. "बहिणीचं ऐकून माझ्या पोरीचा संसार अडवतोस? लाज नाही वाटत?"

त्यानं शांतपणे यंत्र माझ्यासमोर धरलं. "पहिल्या दिवशी इथे शून्य होतं. आता बाळाच्या बिछान्यापाशी विषारी वायू येतोय. ताईला तेवढं सांगितलं होतं, खात्री होईपर्यंत कुणाला बोलू नको म्हणून. तपासणीनंतर कोणीतरी इंजिनखोलीच्या भिंतीला भोक पाडलंय. वायरमनच असणार. कबूल करत नाही. आज त्याला कामावरून काढायला सांगतोय."

बिछान्यावर एक छोटा दिवा मी लावला होता, तपासणी झाल्यावर, नातीला आजोबांची भेट म्हणून. त्याची वायर कपाटाच्या पाठीमागून, इंजिनखोलीच्या भिंतीतून ओढली होती. वायर करंगळीपेक्षा बारीक, भोक मात्र अंगठ्याएवढं. पुढे आणखी एखादी वायर न्यायची झाली तर पुन्हा खटाटोप नको, ही माझी जुनी सवय. आणि बुजवतो कशाला, कपाटामागे कोण बघतंय?

"मी पाडलं," मी म्हणालो.

"वायरमनला वाचवू नका, दाजी."

मी स्क्रू काढले, कपाटाची मागची फळी बाजूला केली. त्यानं भोकासमोर दोरा धरला. दोरा ताठ होऊन नातीच्या उशीकडे वळला.

त्यानं दोरा खिशात टाकला. "तुमची कपाटं मी कधी उघडून बघितलीच नाहीत. अख्ख्या गोदीत तुमचं एकच काम मी न तपासता सोडायचो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस मी ह्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

मग त्यानं खिशातून वही काढली. "आधीच्या बोटी सांगा. दिवा, पंखा, काहीही. माझी तपासणी झाल्यावर कुठे कुठे भोकं पाडलीत?"

मी आठवून आठवून सहा सांगितल्या. मान वर न करता तो लिहीत होता.

"आणखी?"

"नाही, एवढ्याच."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली नाही. माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.