शेंदराखालची ऐरण

नवी सून म्हणून काळाचौकीच्या चाळीत आले, त्या पहिल्याच खंडेनवमीला मी एक महान पराक्रम केला. सासरे लोहारकाम करायचे. त्यांना आम्ही मामंजी म्हणत असू. हत्यारांच्या पूजेत ऐरणीला हळदकुंकवाचं बोट लावायचं, एवढंच माझं काम. पण मी पडले हौशी! तेलात शेंदूर कालवून तिला चारी अंगांनी माखली. दिसली ती थेट मारुतीसारखी. शनिवारी शेजारणी तेल घेऊन हजर. मग तिच्यावर घण (मोठा हातोडा) घालायची छाती कुणाची? मामंजी चकार शब्द बोलले नाहीत. दुसऱ्याच्या ऐरणीवर राबले.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत त्यांचा उजवा हात उचलेनासा झाला. भंगारवाला जिना झिजवू लागला. मामंजींची इच्छा एकच: ऐरण वितळू नये, चालत्या भात्यापुढे जावी. गिरगावच्या रघुशेट लोहारांना ऐरण हवी होती, पण विलायती खूण दिसली तरच. खूण माझ्या शेंदराखाली, आणि चाळीत तो खरवडला असता तर शेजारणींनी मला कच्चं खाल्लं असतं. तेव्हा आम्ही शेंदरासकट निघालो. हातगाडीवर ऐरण, पुढे गाडीवाला, मागे मामंजी आणि मी.

लालबागला बायका मिरच्या कुटत होत्या. तिघंही शिंकत पुढे सरकलो. भायखळ्याच्या पुलाच्या चढावर गाडी अडली आणि हळूहळू मागे येऊ लागली. तेवढ्यात समोरून मोर्चा आला. "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" मी चाकाला पाठ लावून उभी, डोळे मिटलेले.

"अरे, देवाची गाडी! हात लावा रे!" कुणीतरी ओरडलं. मोर्चातले पाचसहा गिरणीवाले धावले आणि गाडी बघता बघता माथ्यावर.

"वैनी, स्थापना खंय?" एकाने घाम पुसत विचारलं.

"गिरगावात," मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं. त्यानं हात जोडले. मामंजी दुसरीकडे बघत होते.

रघुशेटांचा आवाज त्यांच्या घणापेक्षा मोठा. "म्हातारबा, देव विकायला काढलात काय?"

"देव नाय रे," मामंजी म्हणाले, "माझ्या सुनेची कला ती."

"मग जिनं लावला तिनंच काढायचा!" त्यांनी रॉकेल आणि काथ्या माझ्यापुढे सरकवला.

मी पदर खोचला. शेंदराचे पापुद्रे निघाले. आधी इंग्रजी अक्षरं, कारखान्याचं नाव. त्याखाली तीन आकडे, एक, एक, नऊ. मी मॅट्रिक पास ना, झटकन बेरीज केली. "अकरा रतल!"

"अकरा? घे मग कडेवर!" रघुशेट खो खो हसले. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे एकशेबारा रतलांचा. दुसरा त्याच्या चौथाईचा. तिसरा सुट्या रतलांचा, म्हणजे पौंडांचा; सगळे मिळून एकशेएकोणपन्नास. विलायती ऐरणीचं वजन असंच लिहितात. मग त्यांनी हातोडी तिच्या माथ्यावर सैल सोडली. टण्णकन उसळून ती परत वर आली.

"पोलादी माथा. बिडाची असती तर थप्प बसली असती." ते खाली वाकले. "पण ही अक्षरं इतकी ताजी कशी? आमच्या समुद्राच्या हवेत खुणा गंजून सपाट होतात. मग इंग्रजी की देशी, कोण सांगणार? भंगाराचाच भाव!"

मामंजींनी माझ्याकडे बोट केलं. रघुशेटांनी आधी शेंदराचे पापुद्रे पाहिले, मग मला. हातोडी त्यांनी मामंजींच्या डाव्या हातात दिली. मामंजींनी एकच घाव घातला. गल्लीभर नाद घुमला. ऐरण तिथेच राहिली.

कोपऱ्यावर पुरीभाजी खाल्ली, वर पीयूष. मग ट्रामनं परतलो. पुलावर ते गिरणीवाले कुठे दिसतात का, म्हणून मी मान वाकडी करून बघत होते. त्यांची नावं विचारायचीसुद्धा मला सुचली नव्हती. आणि शेजारी बसलेल्या या माणसानं माझा मारुती इतकी वर्षं एका शब्दानं न बोलता सोसला होता. त्याचे आभार मानायला तरी कुठे सुचलं होतं? ते आता मानावेत म्हणून तोंड उघडलं, तर मामंजी आपला उजवा हात चोळत म्हणाले,

"सूनबाय गो, मी पण आता गंजाक लागलंय. येत्या दसऱ्याक माका पण शेंदराचो एक हात मार."