माझं नाक आणि नारळाएवढा पुतळा

माझा पुतळा माझ्या हयातीतच तयार झाला, आणि तो बिघडवणाराही मीच होतो.

आम्ही नव्वदच्या दशकात वसई रोडला, उमेळ्याच्या बाजूला फ्लॅट घेतला. खिडकीतून केळीची वाडी दिसायची, नळातून काहीच दिसायचं नाही. पाणी एक दिवसाआड, टँकरने! आमची शलाका तेव्हा नववीत होती. तिच्या शाळेने त्या वर्षी एका शिल्पकाराला महिनाभर शाळेतच राहायला बोलावलं. दिवसभर मुलांना शिकवायचं, रात्री प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत झोपायचं. गृहस्थ चांदीप गावचे, भातशेती करणाऱ्या घरातले. मुंबईत शिल्पकला शिकले, पण माती स्वतःच्याच शेतातली वापरायचे. पोत्यांत भरून ती एसटीने आणली, म्हणून मुलं त्यांना 'माती सर' म्हणू लागली.

सरांनी मुलांना काम दिलं, 'घरातलं एक मानूस'. नारळाएवढं डोकं, घरीच बसून, त्या माणसाकडे बघून करायचं. शलाकाने मला निवडलं. (बायकोने नकार दिल्यावर. पण निवडलं!)

महिन्याअखेरीस निवडक पुतळ्यांचं प्रदर्शन होतं, आणि मे महिन्यात सर आपल्या गावी मातीकामाचं शिबिर घेणार होते. एक दिवस मी छाती काढून जाहीर केलं, "पुतळा प्रदर्शनात निवडला गेला, तर मे महिन्यात सरांच्या चांदीपच्या शिबिराला जायचं. नाही निवडला, तर दहावीचा व्हेकेशन क्लास."

"नक्की ना बाबा?"

"बापाचा शब्द आहे!"

शिबिरासाठी ती किती आसुसली होती, हे मला दिसत होतं. मला वाटलं, अट घातली की पोरगी जीव ओतून काम करेल. तिने ओतलाही.

सरांचा नियम एकच होता. माती सुकली की तडकते, म्हणून पुतळा ओल्या गोणपाटात गुंडाळायचा आणि रोज सकाळी वरून पाणी द्यायचं. शलाकाची शाळा सकाळची, माझं ऑफिस जरा उशिराचं, त्यामुळे पाणी देण्याचं काम माझ्याकडे आलं. टँकर आला नाही त्या दिवशी माझ्या आंघोळीचं पाणी माझ्याच पुतळ्याला गेलं. तो स्वच्छ राहिला, मी ऑफिसला पावडर लावून गेलो.

तिसऱ्या दिवशी मी गोणपाट उचलून सहज आत डोकावलो आणि हादरलो. केवढं ते नाक! माझं नाक जरा ठसठशीत आहे, नाही असं नाही. पण हे म्हणजे चेहऱ्यावर वांगं ठेवल्यासारखं! मी आजूबाजूला पाहिलं, चहाचा चमचा आणला आणि हलकेच थोडंसं नाक तासलं. अंगठ्याने गुळगुळीत केलं. वा! तरुणपणीचा मी दिसायला लागलो.

संध्याकाळी शलाका गोंधळली. "बाबा, नाक लहान कसं झालं?"

"माती आक्रसत असेल," मी पेपरात तोंड घालून म्हणालो.

तिने नाक पुन्हा मोठं केलं. आक्रसेल म्हणून थोडं जास्तच! सकाळी मी पुन्हा तासलं. असं आठ दिवस चाललं. मग माझं लक्ष टकलावर गेलं. निघालेली माती वाया कशाला घालवायची, म्हणून मी ती डोक्यावर थापली. (काटकसर रक्तातच आहे.)

"बाबा, तुमचं डोकं फुगतंय! तुम्ही पाणी जास्त घालता का?"

"वसईत जास्त पाणी आहे कुठे, बाळा!"

एके दिवशी सर घरी आले. त्यांनी पुतळा सगळ्या बाजूंनी पाहिला. मग मला पाहिलं. मग कप धरलेला माझा अंगठा बराच वेळ पाहिला. मला वाटलं, कलावंत माणूस, काहीही बघतात.

"हात बरोबर हाय तुझा, पोरी," जाताना ते म्हणाले. "दिसतं तेच कर."

पण शुक्रवारी शलाका माझ्याशेजारी येऊन बसली आणि रडायलाच लागली. "मला नाही जमत बाबा. काल केलेलं आज चुकलेलंच असतं. सर म्हणतात म्हणून रविवारी नेऊन ठेवेन, पण निवड होणार नाही. मला क्लासलाच घाला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाप असणं सोपं असतं, चूक कबूल करणारा बाप असणं फार अवघड. मी ठरवलं, नाक गुपचूप परत लावून द्यायचं. शनिवारी सकाळी डाव्या हातात आरसा धरून मी पुतळ्याचं डोकं खरवडलं, त्या मातीचं नाक वळलं आणि चिकटवलं. ते पडलं. पुन्हा चिकटवलं, तर कान चेपला. शेवटी आत उदबत्तीची काडी खुपसली, देवाचं नाव घेतलं आणि गोणपाट गुंडाळून टाकलं.

रविवारी निवडीसाठी शाळेच्या हॉलमध्ये तीस टेबलं मांडली होती. शलाकाने गोणपाट सोडलं. पुतळ्याचं नाक सावकाश वाकलं आणि थप्पकन टेबलावर पडलं. काडी तेवढी पुढे राहिली!

सरांनी नाक उचललं आणि उजेडात धरलं.

"ह्यो अंगठा पोरीचा न्हाय. मोठ्या मानसाचा हाय. वहिनी, तुमचा बघू?"

"मी पोळ्या करते हो, पुतळे नाही!" बायको म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "अहो, तुमचे हात खिशात का आहेत?"

"मी फक्त पाणी देत होतो..."

"पानी अंगठ्यानं देता?" सरांनी विचारलं.

तीस मुलं, साठ पालक आणि हेडबाई यांच्यासमोर मी सगळं कबूल केलं. चमच्यासकट. शेवटी शलाकाला म्हणालो, "तुझा हात चुकत नव्हता गं. मीच चुकत होतो."

मला वाटलं, ही आता महिनाभर बोलणार नाही. पण तिच्या चेहऱ्यावर इतकं हसू पसरलं की मलाच कळेना. "म्हणजे मला जमत होतं?"

"जमत व्हतं," सर म्हणाले. "आताबी जमंल. बापाला समोर बसव. अर्धा तास देतो."

मी स्टुलावर बसलो. भोवती माणसांचं कोंडाळं, चेहरा शरमेने लालबुंद. पण माझी लेक ज्या हिमतीने मातीवर हात चालवत होती, ते बघून मला तिचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

"बाबा, रडू नका! आकार बदलतो."

अर्ध्या तासाने टेबलावर मीच होतो. पूर्ण टक्कल, अख्खं नाक आणि चोरी पकडली गेल्यावर होतो तसा चेहरा. लोक म्हणाले, "हुबेहूब!" पुतळा निवडला गेला. पाटीवर शलाकाने 'माझे बाबा' लिहिलं होतं, ते खोडून 'पकडलेले बाबा' केलं.

ती त्या मे महिन्यात चांदीपला गेली, आणि पुढे शिल्पकलेच्याच वाटेने गेली. पुढच्या वर्षी शाळेच्या पत्रकात एक नवी सूचना आली, 'पालकांनी मातीला हात लावू नये'. त्या शाळेला माझं योगदान ते एवढंच.

भाजलेला पुतळा आता आमच्या टीव्हीवर असतो. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, "छान आहे, पण नाक जरा मोठं झालंय, नाही?"

"नाही हो," मी म्हणतो, "नाक बरोबर तेवढंच आहे." आणि मग बायको पाहुण्यांना चहा देते, पण माझ्या कपात चमचा ठेवत नाही.