अण्णांचा समुद्र

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, बोटाच्या पेरानं सगळं ठोकून बघायचे. दार, भिंत, गॅसची टाकी, बाजारातलं कलिंगड, काही म्हणजे काही सुटायचं नाही. लग्न होऊन मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला बसले, तर वाकून माझा पाट ठोकला, मान तिरकी करून ऐकलं, आणि म्हणाले, "बस. पक्का हाय." मी मनात म्हटलं, कुठल्या घरात येऊन पडले बाई!

त्याला कारण होतं. मनमाडला रेल्वेत त्यांनी आयुष्यभर हेच काम केलं. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या कडेकडेनं चालायचं आणि एकेक चाक ठोकत जायचं. चाक धड असलं की खणखणीत वाजतं, तडा गेला असला की आवाज बसका येतो. "आतल्या लोकांना वाटतं, हा बाबा उगाच ठोकाठोकी करतोय," अण्णा सांगायचे. "वाटू दे. भ्यायचं काम माझं हाय. मी भ्यालो की ते झोपतात." हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांनी तोंड उघडलं की विनय, माझा नवरा, तेच आधी म्हणून टाकायचा.

निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे नाशिकला, गंगापूर रोडला राहायला आले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. त्याच सुमारास आमची मुक्ता जन्मली, दिवस भरायच्या आतच. छाती नाजूक. जरा गार वारा लागला की श्वास शिट्टीसारखा वाजायचा. अण्णांच्या सगळ्या भीतीला मग एकच जागा सापडली. रोज सकाळी ते तिच्या पाठीला कान लावून बसायचे. घरात चहा उकळत असो, कुकरची शिट्टी होवो, त्यांनी हात वर केला की सगळ्यांनी गप्प व्हायचं. मग "आवाज बरोबर हाय" असं म्हणाले की आमचा दिवस सुरू. मी चिडायचे. आणि खरं सांगते, ते म्हणेपर्यंत मीही श्वास रोखून उभी असायचे.

मुक्ताला कुत्रा हवा होता. डॉक्टरांनी सांगितलं, केसाचं जनावर घरात नको. पोरगी रडून रडून धाप लावून घ्यायला लागली. तेव्हा अण्णांनी बिनकेसाचं जनावर शोधून काढलं. मुंबईला एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाकडे त्यांनी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी पाहिली होती, आत मासे आणि जिवंत प्रवाळ. परत आले ते समुद्रच घेऊन आले म्हणा ना! मिठाची पोती, पंप, निळे दिवे, खडबडीत दगड. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, गंगेच्या काठी राहून समुद्र कशाला?" त्या दिवसापासून काकू आमच्याकडे आल्या नाहीत. टाकी फुटून पाणी खाली येईल या धास्तीनं छताकडे बघत मात्र बसायच्या, असं त्यांच्या मोलकरणीनं सांगितलं.

दगडी प्रवाळ बाळगायला कायद्यानं बंदी आहे हे अण्णांना कुणीतरी सांगितलं, तेव्हा ते दोन घास कमी जेवले. पुन्हा मुंबईला जाऊन आपल्या टाकीतली सगळी प्रवाळं मऊ जातीची आहेत ना, ती बंदीत येत नाहीत ना, याची खात्री करून आले. तरीही जिन्यात खाकी कपडे दिसले की टाकीवर चादर पडायची. बहुतेक वेळा तो पोस्टमन असायचा.

आणि नियम तर विचारू नका. घरात अगरबत्ती बंद. डासांची वडी बंद. सेंट लावून आलेल्या पाहुण्याला गॅलरीत बसवायचं. भारनियमनाचे दिवस ते, वीज कधी जाईल सांगता यायचं नाही. इन्व्हर्टर घेतला, पण तो पंपासाठी. ऐन मे महिन्यात आम्ही घामानं निथळत बसलोय आणि प्रवाळ मजेत डुलतायत! मी म्हटलं, "अण्णा, माणसांनी काय पाप केलंय?" ते म्हणाले, "माणूस ओरडतो गं. ह्यांना ओरडता येत नाय." मुक्ता मात्र त्या टाकीपुढं शांत व्हायची. धाप लागली की अण्णा तिला तिथं नेऊन बसवायचे आणि म्हणायचे, "बघ, ते कसं उघडतंय, मिटतंय. तसा श्वास घे." आणि खरंच तिचा श्वास हळूहळू लयीत यायचा. म्हणून मी सगळं सोसलं.

त्या टाकीत प्रवाळाची एक जात होती. हिरवी-केशरी, गोल, कडेनं झालर असलेली. अण्णा त्यांना बटणं म्हणायचे. मुक्ताची लाडकी. पहिल्यांदा एका दगडावर चार-सहा होती, मग बघता बघता शेजारच्या दगडावर चढली. जिथं पोचतील तिथलं दुसरं प्रवाळ आक्रसून मरायचं. अण्णांची झोप उडाली. मुक्ता ज्याच्याकडे बघून श्वास घ्यायची त्या मोठ्या डुलणाऱ्या प्रवाळाच्या अगदी बुडाशी बटणं येऊन टेकली होती.

आता मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ज्याचं आयुष्य गेलं, त्याला घर व्यापणाऱ्या जिवावर एकच उपाय ठाऊक. तिथं ढेकूण झाले की खाट उन्हात काढायची आणि सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओतायचं. सगळी वस्ती तेच करायची. अण्णांनी तोच उपाय समुद्राला लावला. बटणांनी भरलेला दगड फेकवेना, कारण त्यांच्या दृष्टीनं तो चांगला दगड होता. उकळून साफ करायचा आणि परत आत ठेवायचा, असा बेत.

डिसेंबरातला रविवार. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे. मुक्ताची छाती म्हणून अण्णांनी स्वतःच सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. विनय भाजी आणायला गेला होता. स्वयंपाकघरात जर्मनच्या मोठ्या पातेल्यात तो दगड रटरटत होता, आणि मी तिथंच ओट्याशी मुक्ताला तेल लावून वेणी घालत होते. ऊब होती म्हणून मुद्दाम तिथं बसलो होतो. वास आला, सुक्या बोंबलासारखा. मी नाक मुरडलं, एवढंच. मग तोंडात कडू, धातूची चव आली. जिभेवर रुपया ठेवल्यासारखी. मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या पण तोंडाला कसंतरीच—" तेवढ्यात मुक्ता खोकली.

नेहमीचा खोकला नव्हता तो. अण्णांनी हातातला चिमटा टाकला, तिथंच खाली बसले, तिच्या पाठीला कान लावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या चेहऱ्यावर मी आजवर शंभर तऱ्हेची भीती पाहिली होती. ही त्यातली नव्हती. "बसका येतोय," ते म्हणाले. आणि पोरीला उचलून ओरडले, "बाहेर! वृंदा, बाहेर चल!"

मी म्हटलं, "अहो, थंडी आहे, स्वेटर तरी—" आमच्याकडे सासरा सुनेला बोटसुद्धा लावत नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि फरफटत जिन्यात आणलं. मुक्ताला माझ्या मांडीवर टाकलं. आणि स्वतः परत आत गेले. मी जिन्यात बसून ओरडतेय, "अण्णा, येऊ नका म्हणते, जाऊ नका म्हणते," काय बोलत होते माझं मला कळत नव्हतं. आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग एकेक खिडकी धाडकन उघडल्याचा. ते बाहेर आले तेव्हा भिंत धरून आले. खालच्या काकूच वर धावत आल्या आणि त्यांनीच रिक्षा आणली.

दवाखान्यात तिघांनाही हुडहुडी भरून ताप चढला. मुक्ताच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा, आणि तिची छाती नुसती वरखाली, वरखाली. मी तिचा पाय धरून बसले होते. देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही, फेडणार कुठून! डॉक्टर भले होते. म्हणाले, "कसली वाफ ते मला सांगता येणार नाही, पण वाफच बाधली आहे." टाकी ज्याच्याकडून आणली होती त्या मुंबईच्या दुकानदाराला विनयनं फोन लावला तर तो किंचाळलाच. "उकळलंत? अहो, ती बटणं विषारी असतात! ती कुणी उकळतं का?" आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. पलीकडच्या खोलीत अण्णा पडले होते. सगळ्यांत जास्त वाफ त्यांच्याच छातीत गेली होती. नर्स आली, वॉर्डबॉय आला, झाडूवाली आली, तरी ते एकच विचारायचे, "पोरीचा आवाज कसा हाय?"

पोरगी वाचली. पण किती दिवस मला तिच्याशेजारी डोळा मिटायचं धाडस झालं नाही.

घरी आलो तेव्हा टाकी तशीच चालू होती. उरलेल्या दगडांवरची बटणं टवटवीत फुललेली. इतकी सुंदर दिसत होती! मी मुक्ताला घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी दुकानदार स्वतः हातमोजे, चष्मा घालून आला आणि सगळा समुद्र घेऊन गेला. अण्णा दारात उभं राहून प्रत्येक खोक्यामागे सांगत होते, "तापवू नका हां. कुणाला तापवू देऊ नका."

मग त्यांनी आपली ट्रंक काढली. मी विचारलं, कुठं? म्हणाले, "मनमाडला. तडा गेलेल्या चाकाचा डबा गाडीत ठेवत नाय वृंदा, काढून बाजूला लावतात."

मी खूप बोलले. माझी जीभ तशी तिखटच. "अण्णा, तुम्ही होतात म्हणून ती वाचली," असं म्हटलं, रडले, भांडले. ते म्हणाले, "मी होतो म्हणूनच तिच्यावर वेळ आली." दोन्ही खरं होतं.

मनमाडला स्टेशनाजवळ त्यांनी खोली घेतली. पण रोज सकाळी, मुक्ता शाळेला निघायच्या आधी, फोन वाजायचा. कशी आहेस नाही, काय चाललंय नाही. "तिला दे." मुक्ता फोन तोंडाशी धरून एक लांब श्वास घ्यायची आणि सोडायची. पलीकडून "बरोबर हाय" असं आलं की फोन ठेवायचा. उन्हाळा, पावसाळा, तिची परीक्षा असो की ताप. वर्षं गेली, तिची छाती सुधारली, ती धावण्याच्या शर्यतीत पळायला लागली, तरी हा क्रम मोडला नाही.

एकदा फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "आई, अण्णांचाच आवाज बसका येतोय." विनय त्याच दिवशी मनमाडला गेला, नाशिकला चला म्हणून हातापाया पडला. ते आले नाहीत. म्हणाले, "माझं असू दे रे. तिचं बरोबर हाय ना?"

आणि एका सकाळी फोन वाजला नाही. मुक्ता गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून फोनपाशी बसून राहिली. शाळेची रिक्षा खाली भोंगा वाजवून निघून गेली. आम्ही लावला तर नुसती घंटा वाजत राहिली. मग शेजारच्या खोलीतल्या माणसानं उचलला, अण्णा गेल्याचं सांगितलं, आणि विनयनं गाडीची किल्ली घेतली.

चांदवडच्या घाटात गाडी चढत होती. मागच्या सीटवर मुक्ता माझ्याशेजारी बसून मोठमोठ्यानं श्वास घेत होती, सोडत होती. मी घाबरले, तिला जवळ ओढलं, विचारलं, "काय होतंय गं? धाप लागली का?"

तिनं मान हलवली. म्हणाली, "नाही गं आई. आजचा राहिलाय ना ऐकायचा."