शेषराव आणि बहात्तर दातांचा पाना

पहिल्या दिवशी शेषराव तायड्यांनी मला अकरा रॅचेट काउंटरवर काढायला लावले आणि अकराच्या अकरा परत सरकवले. सोमवार, दुकानात गर्दी, नोकर सुट्टीवर. अकोल्यात तीस वर्षं मी हत्यारं विकतो आहे. रागावलेलं गिऱ्हाईक मला चालतं, त्याला चहा पाजला की ते शांत होतं. हे गिऱ्हाईक रागावलेलंही नव्हतं. साठी उलटलेला, पांढऱ्या शर्टाची इस्त्री न मोडलेला हा माणूस एकेक पाना तळहातावर तोलत होता आणि मान हलवत होता.

"हलका हाये शेठ. मुठीत भरला पाह्यजे."

"हत्यार हाये भाऊ, वांगं नाई," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. खिशातून रुमालात बांधलेला एक जुना रॅचेट काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. रॅचेट म्हणजे टोकाला गोटी, बोल्टच्या डोक्यावर बसणारी वाटी, लावून बोल्ट आवळायचा पाना. पुढे ओढला की बोल्ट फिरतो, मागे नेला की कटकट आवाज करत नुसता परत येतो, त्यामुळे अडचणीच्या जागी पाना काढून पुन्हा बसवायची कटकट राहत नाही. शेषरावांचा रॅचेट मात्र दोन्हीकडे मोकळाच फिरत होता. आतले दात झिजून गेले होते.

"शनवारी यानं दगा देल्ला," ते म्हणाले. "पूर्णेच्या पुलाच्या अलीकडं. गाडीत माही बायको होती."

मग उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. गाव तेल्हारा. बायको इंदूबाई, दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून तीन वेळा अकोल्याला डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी बाराचा नंबर. निवृत्तीनंतर घेतलेल्या जुन्या व्हॅनमधून ते स्वतः तिला आणतात. एसटीने तिला सोसत नाही. व्हॅनच्या डायनामोचा बोल्ट ज्या पट्टीत बसतो तिचं भोक झिजलेलं, त्या मॉडेलची पट्टी आता मिळत नाही, वेल्डिंग दोनदा करून झालं आणि दोनदा सुटलं. मनात येईल तेव्हा बोल्ट ढिला होतो, डायनामो आणि पंप फिरवणारा पट्टा घसरतो, पाण्याचा पंप फिरेनासा होतो आणि इंजिन तापतं. मग रस्त्याच्या कडेला थांबून डायनामो मागे ओढायचा आणि बोल्ट आवळायचा. पाच मिनिटांचं काम. पण शनिवारी पाना घसरत राहिला आणि ते दीड वाजता पोचले. मशीनवर दुसरा पेशंट झोपला होता. त्याला कोण उठवणार? रविवारी इंदूबाईंचा श्वास कोंडला, तशीच धावपळ करून तिला भरती करावं लागलं.

"छत्तीस वर्षं सरकारी जीप चालवली म्या," शेषराव म्हणाले. "सायेबाले एक दिवस उशीर नाई केला. अन् घरच्या मानसाले..."

त्या छत्तीस वर्षांतच सगळी गोम होती, पण ते मला तेव्हा कळलं नाही. पंचायत समितीच्या जीपमधली हत्यारांची पेटी शेषरावांच्या सहीने ताब्यात होती. दर महिन्याला पाने मोजायचे, तेलाच्या फडक्याने पुसायचे, पिशवीत ओळीने लावायचे. अधिकारी बदलले, जिपा बदलल्या, पेटीतला एक पाना हरवला नाही. आणि जीपचं बॉनेट उघडलं की आत माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. तिथे जड, दांडगा पानाच शोभतो. शेषरावांच्या हाताने तोच धडा गिरवला होता. जड म्हणजे पक्का.

बारावा रॅचेट मी वैतागून मागच्या फळीवरून काढला. ट्रकवाले नेतात तसला, जाड डोक्याचा, लांब दांड्याचा, चोवीस दाती. शेषरावांनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा सुटला.

"हा हाये पाना," ते म्हणाले.

कोणत्या बोल्टला लावायचा, किती जागेत लावायचा, हे विचारणं माझं काम होतं. मी विचारलं नाही. मला तो माणूस काउंटरवरून हलायला हवा होता. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरं ते हेच.

गुरुवारी तो पाना कामाला लागला, आणि लागला म्हणजे लागलाच नाही. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की एक अरुंद खोबण दिसते. डायनामोचा बोल्ट तिच्या तळाशी, एका बाजूला पत्रा आणि दुसऱ्या बाजूला पाइप. चोवीस दातांचा रॅचेट मागे नेताना दांडा बराच वळवावा तेव्हा कुठे पुढचा दात पकडतो. त्या खोबणीत तेवढा वळायलाच जागा नव्हती. एक कटसुद्धा वाजेना. मजबूत, चकचकीत, नवाकोरा पाना, आणि उपयोग शून्य. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने दोरीने बांधून त्यांना पुढच्या गावातल्या गॅरेजपर्यंत ओढत नेलं. इंदूबाईंना त्या दिवशी चार तासांऐवजी दोनच तास मिळाले.

हे मला शनिवारी सकाळी कळलं. साडेदहाच्या सुमारास दुकानासमोर पांढरी व्हॅन थांबली आणि शेषराव उतरले. इस्त्री नव्हती. दाढी वाढलेली. त्यांनी पाना काउंटरवर ठेवला. मला वाटलं, आता हा माणूस माझ्या आईबापाचा उद्धार करणार. केला असता तर मला बरं वाटलं असतं.

"जय भीम शेठ," ते म्हणाले. "माह्यंच चुकलं. तुमाले बोल नाई. पन आज पाना पाह्यजे. आज पट्टा पुन्हा वाजून राह्यला, इंजिन तापलं, अन् रिक्षात तिले बसवत नाई. आज नंबर हुकला तं ते नाई वाचत शेठ, डॉक्टरनं सांगतलं मले. नाई वाचत ते." आणि काउंटरच्या कडेला दोन्ही हात रोवून तो माणूस माझ्यासमोर रडायला लागला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती खिळे निवडण्यात गढल्याचं दाखवू लागली.

मी माझ्या आयुष्यात गिऱ्हाइकाच्या गाडीत डोकं घातलेलं नाही. माझं काम काउंटरच्या आतलं. पण त्या दिवशी मी फळीवरचे सगळे बारीक दातांचे रॅचेट एका टोपलीत घेतले आणि बाहेर आलो. पुढच्या सीटवर कपडे-पाण्याची पिशवी होती ती शेषरावांनी हलवली, सीट उचलली. मागच्या सीटवर इंदूबाई बसल्या होत्या. काळवंडलेला चेहरा, सुजलेले पाय आडवे घेतलेले, डाव्या हाताला सुयांच्या गाठी. त्यांनी मला नमस्कार केला.

बारीक दाती पाना चांगला असेलच असं नाही. स्वस्तातला असला तर जोर पडताच दात उडतात. म्हणून मी दुकानातल्या शिकंज्यात एक बोल्ट घट्ट धरून प्रत्येक रॅचेट दोन्ही हातांनी ओढून पाहिला, मग तोच गाडीतल्या बोल्टला लावला. पहिला ओढताना कचकन घसरला, बाजूला टाकला. दुसऱ्याचं डोकं एवढं जाड की ते पाइपाला अडत होतं. तिसरा आणि चौथा मागे नेताना बोल्टलाही सोबत मागे आणत होते. शेषराव प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघायचे, जसा काही मी निकाल सांगणारा डॉक्टर आहे. घाम माझ्या डोळ्यात जात होता. पत्र्याने माझी बोटं सोलली. बाराचा नंबर हुकला तर मी ह्या बाईचा जीव घेतला असं होईल, हे डोक्यातून जाईना.

पाचवा लागला. बहात्तर दाती, बारीक डोकं, हातात घेतला तर पोकळ वाटावा इतका हलका. दांडा अंगठ्याच्या रुंदीएवढा मागे नेला की कट. पुन्हा कट. शेषरावांनी एका हाताने डायनामो ओढून धरला आणि मी आवळत गेलो. बोल्ट बसला. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, ताठ. मग मी त्यांना स्वतःला करायला लावलं, सोडवून पुन्हा आवळायला, दोनदा. दुसऱ्या वेळी त्यांनी ते डोळे मिटून केलं.

"हलकाच हाये," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. "माह्या हाताले समजतच नव्हतं शेठ."

पाना पुसायला तेलाचं फडकं हवं म्हणून ते दुकानात गेले. सवयच ती. मी गाडीची सीट खाली पाडत होतो.

"शेठजी," इंदूबाई हळूच म्हणाल्या. "असा पाना नाई मिळत म्हनून सांगतलं असतं ह्यायले, तं काय बिघडलं असतं?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"गेल्या शनवारी गाडी बंद पडली ना, तवा आमी निंबाखाली बसलो होतो," त्या म्हणाल्या. "हे गाडीत खटपट करून राह्यले अन् मी बसली. सुई नाई, मशीन नाई. तीन वर्सात तेवढंच मले बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी जीव घाबरला, पन जीव तं मरनाले घाबरतेच, आता त्याले काय. मी थकली शेठजी. मले नाई जाचं म्हटलं का हा मानूस दोन दिवस जेवत नाई. गाडी बंद पडली तं कोनाचा दोष नाई. आता ते वाटबी तुमी बंद केली."

त्या तक्रार करत नव्हत्या. बाजारात भाव विचारावा तशा त्या बोलल्या. मला तिथे रडायला आलं. मी बसलेलीच सीट पुन्हा दाबून बसवत राहिलो.

शेषराव पाना फडक्यात गुंडाळत आले. "काय म्हन्ते हे?" त्यांनी विचारलं.

मी इंदूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या आणि त्यांची मान किंचित, अगदी किंचित, नाही म्हणून हलली.

"उशीर होऊन राह्यला म्हन्तात," मी म्हणालो.

"हो ना, हो ना. चाला," शेषराव म्हणाले. त्यांनी तिचे पाय सीटवर नीट ठेवले, दार लावलं, ते लागलं की नाही ते दोनदा ओढून पाहिलं. मग लगबगीने पुढे येऊन बसले. गाडी एका आवाजात सुरू झाली. पट्टा चूंसुद्धा करत नव्हता.

तिचा नंबर बाराचा होता आणि दवाखाना माझ्या दुकानापासून दहा मिनिटांवर. पावणेबाराला व्हॅन चौकातून वळली. ती वेळेवर पोचणार होती, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, मी विकलेलं हत्यार पुढच्या एखाद्या खेपेला वाटेत तुटावं.