अर्जात नसलेली सहा वर्षं

कळंबला कचेरीसमोर बसणाऱ्या दत्तोपंत अर्जनवीसानं मला फसवलं. माझं काम त्यानं आपल्या भाच्याच्या अर्जात लिहिलं. माझ्या अर्जात फक्त माझी गरिबी लिहिली.

उस्मानाबादच्या एका सरकारी वर्कशॉपात फिटरची जागा होती. साहेबांनी माझा अर्ज सगळ्यांदेखत वाचला. "अर्जदार लाचार असून पडेल ते काम करील. मायबाप सरकारने पदरात घ्यावे." बाकावरची माणसं हसली. साहेबांनी विचारलं, "झाडलोट करशील का?"

सहा वर्षं मी ऑइल इंजिनं उघडली होती. येरमाळ्याच्या गिरणीचं जळालेलं बेअरिंग धातू वितळवून नव्यानं ओतलं होतं. दत्तोपंताला हे एकेक करून सांगितलं, तेव्हा तो दोन कागदांवर लिहीत होता. दुसरा कागद मला नक्कल वाटला.

माझी शाळा निजामाच्या वेळची, उर्दूतली. मराठी वाचता येत नव्हतं. सौद्यात मी कुणाच्या बापाला हार जात नाही. पण "वाचून दाखवा" म्हणायची लाज वाटली. कागदावरून नुसती नजर फिरवली, उर्दूत सही केली. ही चूक माझी. एवढीच माझी.

साहेबांना मी सगळं तोंडी सांगितलं. बेअरिंगचं नाव काढताच ते थांबले. ढिगातून दुसरा एक अर्ज काढून त्यांनी वाचला आणि परत खाली सारला. हे काम दुसऱ्याच्या नावावर आहे, म्हणाले. दत्तोपंताचा भाचा बाकावर मान खाली घालून बसला होता. त्याच्या नखांत कधी ग्रीस गेलं नव्हतं.

मी म्हणालो, "साहेब, आमच्या दोघांपुढं एक बंद इंजिन ठेवा. जो चालू करील त्याची जागा."

"इथं कागद बघतात, मिस्त्री. झाडू घेतोस का?"

"न्हाय."

घरी अम्मीनं मला नोकरी लागणार म्हणून गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी परतल्यावर ती माझं ताट झाकून भिंतीकडं तोंड करून पडली. मला काम शिकवणारे, माझ्या बाजूनं साक्ष देऊ शकले असते ते उस्ताद त्याच उन्हाळ्यात वारले होते.

शेजारच्या मुलीच्या पहिलीच्या पुस्तकावरून मी मराठी अक्षरं गिरवली. आज वर्कशॉपात परत घेऊन आलोय तो हा नवा अर्ज माझ्या हातचा आहे. यात लाचार हा शब्द नाही. कुठलं इंजिन, काय बिघडलं, मी काय केलं, एवढंच आहे. खाली गिरणीवाल्यांच्या सह्या आहेत.

साहेब, तेव्हा दोन्ही कागद तुमच्या हातात होते. तुम्ही मला मिस्त्री म्हणालात आणि झाडू पुढं केलात. का, ते लेखी द्या. मिळेपर्यंत मी या बाकावरून उठणार नाही.