बत्तीस जणांना एकच रिपोर्ट

मंडळी, आज माझ्या चुकीने बत्तीस माणसं घाबरली. मला अजून चैन पडत नाहीये, म्हणून लिहून टाकते.

सात रस्त्याजवळच्या एका लॅबसाठी मी पेशंटना मेसेज पाठवणारा प्रोग्राम लिहिलाय. सकाळी तिथल्या ताईंचा फोन आला. "मॅडम, सगळ्यांनाच 'रिपोर्टमध्ये दोष आहे, लगेच डॉक्टरांना भेटा' असा मेसेज गेलाय. लोक दारात येऊन रडायलेत."

चूक लगेच सापडली. पेशंट एकेक करून घेणाऱ्या लूपच्या बाहेर मी रिपोर्टसाठी एकच व्हेरिएबल, म्हणजे एकच डबा, ठेवला होता. मेसेज थोड्या वेळाने जाणार होते आणि माझा कोड मशीनला समजेलसा करणाऱ्या कंपायलरने प्रत्येकासाठी त्यातल्या रिपोर्टऐवजी तो डबाच धरून ठेवला. मेसेज निघेपर्यंत लूप संपला होता, त्यात शेवटच्या पेशंटचा रिपोर्ट उरला होता. मी तपासताना एकच पेशंट घेतला होता. तेव्हा सगळं बरोबर दिसलं.

मग एकेकाला फोन करून त्यांचा रिपोर्ट चांगला असल्याचं सांगितलं, माफी मागितली. कुणी शिव्या दिल्या. एक चाचा नुसतं "अल्ला का शुक्र" म्हणत राहिले.

शेवटचा फोन बार्शीच्या एका मावशींना. तो रिपोर्ट त्यांचाच होता.

"माझापण चुकूनच आलाय की, बाई?"

"नाही मावशी, तुमचा बरोबर आहे. आजच डॉक्टरांना भेटा."

"बरं. बाकीच्यांचं चांगलं हाय न्हवं?"

"हो," म्हटलं आणि फोन ठेवला.

तुम्ही काय बोलला असता?